सिग्नलला तापणारी जुनी रेडिएटरवाली बाइक : आधी काय तपासायचं

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की त्याला रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) काढू नका. बाकीचं सविस्तर बोलू, पण एवढं आजच गॅरेजवाल्याला फोन करून सांगा.

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. २०१३ सालची मोटरसायकल, सेकंडहँड घेतलेली, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड (म्हणजे इंजिन पाण्याने थंड होणारी). वाकडहून हिंजवडीला जाताना मीटरवरच्या तापमानाच्या काड्या शेवटपर्यंत चढतात आणि मागच्या आठवड्यात एकदा लाल दिवाही लागला. जुन्या मुंबई हायवेने लोणावळ्याला गेलात तेव्हा मात्र काड्या जागच्या हलल्या नाहीत. गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, मित्र म्हणतो मोठा रेडिएटर बसव. आता काय करायचं?

तुम्ही दिलेल्या माहितीतच अर्धं निदान आहे. सत्तरच्या वेगाने गाडी चालते तेव्हा इंजिन सिग्नलवर उभं असतानापेक्षा कितीतरी पट जास्त पेट्रोल जाळतं, म्हणजे तेवढी जास्त उष्णता तयार करतं. ती सगळी उष्णता तुमचा रेडिएटर आरामात बाहेर टाकतोय. म्हणजे पाणी फिरतंय, पंप काम करतोय, थर्मोस्टॅट उघडतोय आणि रेडिएटरच्या आतल्या नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत. हायवेवर जे होतं आणि हिंजवडीच्या रांगेत होत नाही असं मुख्यतः एकच आहे, ते म्हणजे समोरून येणारी हवा. माझ्याकडे तापणारी गाडी आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : कुठे तापते? फक्त रांगेत तापत असेल तर हवा शोधायची. हायवेवर, चढावर, वेगातही तापत असेल तर पाणी शोधायचं. या एका प्रश्नाने ग्राहकाचे हजारो रुपये वाचलेले मी पाहिले आहेत. तो न विचारल्याने रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं बदलूनही तापणाऱ्या गाड्याही पाहिल्या आहेत.

उभ्या गाडीत उष्णता असून असून किती असेल, असं वाटतं ना? ढोबळ हिशोब करू. तुमच्या आकाराचं इंजिन आयडलिंगला तासाला साधारण अर्ध्या लिटरच्या आत-बाहेर पेट्रोल पितं. एका लिटर पेट्रोलमध्ये अंदाजे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे चार किलोवॅटच्या आसपास ऊर्जा सतत जळत असते आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. घरातली कपड्यांची इस्त्री पूर्ण तापवून तुमच्या मांड्यांच्या मध्ये चालू ठेवावी, एवढी ती उष्णता. ही इस्त्री थंड ठेवायचं काम रांगेत एकट्या फॅनचं असतं.

आता त्यात मे महिना घाला. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. पाणी १०० अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ७० चा. हवा ४५ वर गेली की फरक ५५ चा. तोच रेडिएटर, तोच फॅन, पण ताकद पाचव्या हिश्श्याने कमी. शिवाय पुढच्या बसचा धूर आणि तापलेल्या डांबराची वाफ धरली तर रांगेतली हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा बरीच गरम असते. नागपूर-चंद्रपूरकडची मंडळी म्हणतात की गाडी हिवाळ्यात नीट असते आणि एप्रिलपासून बिघडते. बहुतेक वेळा ती गाडी हिवाळ्यातही बिघडलेलीच असते. थंड हवा तिला सांभाळून घेत असते, एवढंच.

म्हणून दुसरा प्रश्न : गाडी खरंच जास्त तापतेय, की फक्त गरम होतेय? यात फरक आहे. बहुतेक गाड्यांचा फॅन ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरले की बंद होतो. रांगेत काड्या वर जाणं, फॅन घोंगावणं, मिनिटभराने थांबणं, पुन्हा सुरू होणं ही व्यवस्थित गाडीची लक्षणं आहेत. पायाला लागणारी झळ म्हणजे तर रेडिएटर काम करत असल्याची पावती. पाणी १०० च्या पुढे गेलं म्हणजे उकळलं, असंही नाही. निम्मं कूलंट (पाण्यात मिसळायचा खास द्रव) आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं. पण रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच मिश्रण १२५ च्या पुढेपर्यंत उकळत नाही. तेव्हा १०५ ला घाबरायचं कारण नाही. लाल दिवा लागणं मात्र यात बसत नाही. तुमचा लागला, म्हणून हे सगळं लिहितोय.

आता फॅनकडे येऊ, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे.

गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) उभी करा, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि काड्यांकडे लक्ष ठेवा. फॅन सुरू झाला का? किती काड्यांवर? सुरू झाल्यावर काड्या खाली आल्या का? या काळात हात फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी चावी चालू असताना फॅन अचानक फिरतो आणि त्याची पाती बोट सोडत नाहीत.

फॅन सुरूच झाला नाही तर आधी फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर फॅनचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढून मोटरला बॅटरीतून थेट बारा व्होल्ट द्या. फिरला तर मोटर चांगली आहे, दोष वायरिंगमध्ये, रिलेत (फॅनकडे वीज सोडणारा स्विच) किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला, पण काडीने पात्याला हलका धक्का दिल्यावर फिरायला लागला, तर मोटरचे कार्बन ब्रश संपत आलेत. असा फॅन फार फसवतो. गॅरेजमध्ये तपासताना फिरतो, रस्त्यात दहापैकी तीन वेळा फिरत नाही आणि ग्राहकाचं म्हणणं कुणाला पटत नाही. बऱ्याचदा पावसाळ्यातला चिखल मोटरच्या बेअरिंगमध्ये जाऊन वाळलेला असतो. पात्याला हाताने फिरवून बघा (बॅटरीची वायर काढून). मोकळं, आवाज न करता फिरायला हवं.

जुन्या गाड्यांत रेडिएटरलाच एक थर्मो स्विच असतो. त्याच्या दोन वायर एकमेकींना जोडल्या की चावी चालू असताना फॅन फिरला पाहिजे. फिरला तर स्विच गेलाय. एकच वायर असेल तर ती अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लावून बघायची. तुमच्या सालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत बहुधा हे काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करतो, तापमानाच्या सेन्सरचं ऐकून. अशा बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की ईसीयू सुरक्षितता म्हणून फॅन सतत चालू ठेवतो आणि इंजिनचा दिवा लावतो. हे झालं तर रिले आणि वायरिंग ठीक आहे हे दोन मिनिटांत कळतं.

फॅन सुरू झाला तरी तपासणी संपत नाही. इथे बहुतेक जण थांबतात. फॅन फिरतोय, पण कसा फिरतोय?

दोन-तीन वर्षांपूर्वी एक मुलगा गाडी घेऊन आला. आधी दुसऱ्या ठिकाणी फॅनची मोटर बदलून घेतली होती. तेव्हापासून गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली, म्हणून रेडिएटरही नवा घातला, थर्मोस्टॅटही नवा. मी गाडी तापवली, फॅन सुरू झाला, आवाजही चांगला होता. मग रेडिएटरच्या पुढे टिश्यू पेपर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, पण उलट माझ्याकडे उडाला. नवी मोटर जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि फॅन हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलत होता. उभ्या गाडीत त्याने थोडंफार काम केलं असतं, पण ताशी दहा-पंधराच्या वेगाने समोरून येणारी हवा आणि फॅनची हवा एकमेकींना अडवत होत्या. वायरी बदलल्या, पाच मिनिटांचं काम. तो मुलगा आठ महिने त्या गाडीवर पैसे घालत होता आणि प्रत्येक सिग्नलला धास्तावत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. बहुतेक गाड्यांत हवा पुढून मागे ओढली जाते. काही थोड्या मॉडेलमध्ये मुद्दाम उलटी रचना असते, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघून घ्यावं. पण टिश्यू पेपरची परीक्षा प्रत्येकाने करावी.

दुसरं म्हणजे फॅनला मिळणारा व्होल्टेज. आयडलिंगला गाडीचा चार्जिंगचा जोर कमी असतो. त्यात तुम्ही जादा फॉग लाइट, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न लावलेला असेल तर रांगेत नेमका फॅन उपाशी राहतो. मल्टिमीटर घ्या, फॅन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट दिसतात आणि फॅनच्या कपलरवर किती, ते बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधे कुठेतरी हिरवा पडलेला कपलर किंवा गंजलेली अर्थिंग आहे. बारा वर्षांहून जुन्या, किमान तीन-चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. कपलर काढायचा, कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना स्वच्छ करायच्या, अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग-गंज खरवडायचा आणि पुन्हा घट्ट बसवायचा. खर्च जवळपास शून्य. फॅनचा आवाज बदललेला तुमच्या कानाला कळेल.

आता हवेची वाट. गाडीसमोर बसून रेडिएटरकडे बघा. पलीकडचा उजेड जाळीतून दिसतो का? मागून टॉर्च धरा. जिथे उजेड येत नाही तिथे हवा येत नाही. आपल्याकडे चिखल, किडे आणि पुढच्या चाकाने उडवलेलं डांबर यांचं एक कडक पुटच तयार होतं. ते काढायला वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप कधीही वापरू नका. त्या दाबाने जाळीच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि आडवी झालेली पाती मातीइतकीच हवा अडवते. फॅन काढून ठेवा, साबणाचं पाणी शिंपडा, पंधरा मिनिटं भिजू द्या आणि साध्या नळीने मागून पुढे पाणी सोडा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. वाकलेल्या पात्या बोथट सुईने किंवा चिमट्याने एकेक सरळ करायच्या. एक-दोन तास जातात, कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते जुन्या गाडीला यापेक्षा जास्त गुण देणारं दुसरं काम नाही.

मग बाहेरून लावलेल्या गोष्टी बघा. पुण्याच्या नाना पेठेत मिळणाऱ्या बारीक जाळीच्या रेडिएटर गार्डने दगडापासून रक्षण होतं हे खरं, पण काही गार्डची जाळी इतकी दाट असते की निम्मी हवा तिथेच अडते. जाळी हवी तर मोठ्या भोकांची घ्या. लेग गार्डला लावलेले लाइट बरोबर रेडिएटरसमोर आलेत का, हेही बघा. आणि उलटा प्रकार, म्हणजे जे असायला हवं ते नसणं. सेकंडहँड गाडी कधीतरी पडलेली असते. रेडिएटरच्या बाजूचे प्लॅस्टिकची झाकणं तुटली की आधीचा मालक ती काढून फेकतो. ती शोभेची नसतात. हवा आळशी असते, मोकळी वाट मिळाली की जाळीतून न जाता बाजूने निघून जाते. फॅनभोवतीचं कडंही तसंच महत्त्वाचं आहे. ते नसेल तर फॅन मागचीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो.

एवढं झाल्यावर पाण्याच्या बाजूला या, आणि तिथे सुरुवात झाकणापासून करा. रेडिएटरचं झाकण हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. लोक त्याला डब्याचं झाकण समजतात. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. दाब वाढला की एक उघडतो आणि जास्तीचं पाणी बाजूच्या छोट्या, कूलंटच्या टाकीत सोडतो. इंजिन गार झालं की दुसरा उघडतो आणि तेच पाणी परत ओढून घेतो. बारा वर्षांत त्याचं रबर कडक होतं, स्प्रिंग ढिली पडते. मग दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या वरचा भाग) ज्या जागी सर्वात जास्त उष्णता असते तिथे वाफेचे बुडबुडे धरतात. जिथे वाफ तिथे धातू थंड होत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचावर आहे, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण गेलेल्या गाडीला महाबळेश्वरला याहून कमी तापमानाला उकळी फुटते.

झाकण ठीक आहे का हे घरी कळतं. गार इंजिनवर बाजूच्या टाकीत पाणी कुठे आहे तिथे मार्करने रेघ मारा. गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, पातळी थोडी चढलेली दिसेल. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पाणी रेघेवर परत यायला हवं. वर जातं पण परत येत नाही, तर झाकणाचा दुसरा व्हॉल्व्ह गेलाय किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी तडकली आहे आणि पाण्याऐवजी हवा ओढली जातेय. शंका असेल तर सरळ नवं झाकण आणा, पण जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा बघून तेवढ्याचंच. जास्त दाबाचं झाकण लावून गाडी कमी तापेल असं समजणाऱ्यांचे जुने होज पाइप फुटलेले मी पाहिलेत.

आणि हात जोडून सांगतो, गरम गाडीचं झाकण उघडू नका. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोराने ते एकदा केलं. मी दुसऱ्या गाडीवर होतो, दोन पावलांवर. दाब सुटला की ११० अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन उडतं. त्याने तोंड वळवलं म्हणून डोळे वाचले, मान आणि खांदा भाजला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे : रेडिएटरला तळहात लावून निवांत ठेवता आला, तरच झाकणाला हात.

कूलंटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. जितकं जास्त कूलंट तितकी गाडी थंड, असं लोकांना वाटतं आणि ते पाणी न घालता निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओततात. उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याचा हात कुणी धरू शकत नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलने उकळबिंदू वाढतो, गोठणबिंदू उतरतो आणि त्यातली रसायनं अ‍ॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतात, पण उष्णता वाहण्याची ताकद त्याने कमी होते. म्हणून महाराष्ट्रात मैदानी भागात फिरणाऱ्या गाडीला मी ३० ते ४० टक्के ग्लायकॉल पुरेसं मानतो. त्याखाली जाऊ नये, नाहीतर गंजाविरुद्धचं संरक्षण तोकडं पडतं. लडाखला जायचं असेल तर निम्मं-निम्मं करा, ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. बाटलीवर तयार मिश्रण लिहिलेलं असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही, हे बाटली घेतानाच वाचावं.

पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, टँकरचं नाही. दौंडकडून आलेल्या एका गाडीत मालक दर महिन्याला शेतातल्या बोअरचं पाणी टाकत होता, कूलंट संपलं म्हणून. रेडिएटर कापून पाहिला तेव्हा नळ्यांमध्ये चहाच्या जुन्या किटलीत बसतो तसा पांढरा थर होता. पंपाच्या सीलवरही तोच थर घासून ओरखडे पडलेले. आणि दर महिन्याला पाणी संपतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. दोन वर्षांनी कूलंट बदला, रंग चांगला दिसत असला तरीही. जुन्या मालकाने कोणतं वापरलं ते माहीत नसेल तर वरून दुसऱ्या प्रकारचं ओतू नका. पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळखळून घ्या, मग नवीन भरा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात टाकू नका. ते चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात. थोड्याशा इथिलीन ग्लायकॉलनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं तसं गेलं, तेव्हापासून मी जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच साठवतो.

भरताना हवा अडकते. सिंगल सिलिंडरच्या छोट्या व्यवस्थेत साधारण लिटरभर पाणी असतं, त्यात कपभर हवा राहिली तरी हिशोब बिघडतो. आयडलिंगला पंप हळू फिरतो, त्याला तो हवेचा गोळा हलवता येत नाही. वेगात मात्र तो वाहून जातो, म्हणजे पुन्हा तुमचीच लक्षणं : हायवेला ठीक, रांगेत गरम. मागच्या सर्व्हिसला कूलंट बदललं असेल आणि तेव्हापासून तापायला लागली असेल तर आधी हेच बघा. गार इंजिनवर झाकण उघडा, झाकणाची बाजू सर्वात उंच येईल अशी गाडी टेकवा, पंपाला किंवा थर्मोस्टॅटच्या घराला हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. सावकाश भरा, होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. पातळी एकदम खाली बसेल, तेव्हा भर घाला, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा एकदा बघायचंच.

इंजिन चालू असताना उघड्या तोंडातून बुडबुडे थांबतच नसतील, गार इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात होज दगडासारखे कडक होत असतील आणि पाणी कुठेही न सांडता कमी होत असेल, तर ती अडकलेली हवा नाही. हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, जळलेला गॅस पाण्यात येतोय. त्यासाठी निळ्या द्रावाची एक साधी चाचणी असते, पाण्यातल्या गॅसने तो द्राव पिवळा पडतो. पडला तर पुढचं काम गॅरेजमध्येच. पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब गळत असतील तर पंपाचं सील गेलंय. ते छिद्र गळती दाखवण्यासाठीच ठेवलेलं असतं, त्यात एम-सील भरू नका. भरलं तर पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही आणि मग ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

थर्मोस्टॅटबद्दल आता. तो वाईट असेल तर बदला. तपासायला सोपा आहे : जुन्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ७० ते ८५ च्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. पण तो काढून टाकल्याने रांगेतलं तापमान कमी होत नाही, कारण उघडा थर्मोस्टॅट आणि नसलेला थर्मोस्टॅट यात फार फरक नाही आणि तुमची अडचण उघडल्यानंतरची आहे. काही इंजिनांत तर उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं, म्हणजे गाडी आणखी तापते. हिवाळ्याच्या सकाळी उलट इंजिन नीट तापतच नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि ऑइल पातळ-काळं होतं. मोठ्या रेडिएटरचंही तेच. त्याच्या मागे तोच फॅन आणि त्याच्या पुढे तीच नसलेली हवा. ट्रॅकवर पळणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, हिंजवडीला जाणाऱ्याला नाही.

एक गोष्ट लोक तापण्याशी जोडतच नाहीत : ब्रेक. पावसाळ्यानंतर मागचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) धरून बसतो आणि गाडी सतत थोडी ब्रेक लावूनच चालते. स्टँडवर चाक हाताने फिरवा. एक-दोन फेरे मोकळं फिरलं नाही, तर कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस करा. चेन फार ताणलेली असेल तर तीही सैल करा. ऑइल कमी किंवा वर्षभर न बदललेलं असेल, इंजिनच्या व्हॉल्व्हचा गॅप कधी तपासलाच नसेल, सायलेन्सर बदलल्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं असेल, तर इंजिन मुळातच जास्त उष्णता तयार करतं. २००८ ची आर१५, २०११ ची सीबीआर२५०आर, २०१२-१३ च्या ड्यूक या गाड्यांनी आपल्याकडे रेडिएटर सामान्य माणसाच्या गाडीत आणला. आता त्या चांगल्याच जुन्या झाल्यात, आणि त्यांच्या मालकांपैकी फार थोड्यांनी व्हॉल्व्हचा गॅप एकदाही बघून घेतलेला असतो.

चालवण्याबद्दल थोडं. पुढच्या गाडीला चिकटून हाफ क्लचवर रांगत राहू नका. दोन गाड्यांची जागा सोडा, मग एकदम सुटा, क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये. बसच्या सायलेन्सरमागे थांबू नका. सिग्नल मिनिटापेक्षा मोठा असेल तर इंजिन बंद करा, पण फॅन नुकताच सुरू झाला असेल तर त्याला त्याचं काम पूर्ण करू द्या. पंप आणि फॅन दोन्ही बंद पडले की हेडमधली उष्णता पाण्यात उतरते आणि पुढची दोन-तीन मिनिटं तापमान उलट चढतं. लाल दिवा लागला तर मात्र विचार न करता बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सावलीत उभी करा. चावी चालू ठेवून फॅन फिरत असेल तर पाचेक मिनिटं फिरू द्या, बॅटरी संपेपर्यंत नाही. इंजिनवर पाणी ओतू नका, तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते वाकण्याची भीती असते. रेडिएटरच्या जाळीवर बाटलीने थोडं थोडं शिंपडलंत तर चालेल. निदान अर्धा तास थांबा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या रविवारी सकाळी, गाडी गार असताना कूलंटच्या टाकीवर रेघ मारा, रेडिएटरमागे टॉर्च धरा, मागचं चाक फिरवून बघा. मग गाडी तापवून टिश्यू पेपर आणि मल्टिमीटर. झाकण नवं आणा, ते तसंही बदलण्याच्या वयाचं आहे. सोमवारी सकाळी टाकीतली पातळी रेघेच्या कुठे आहे, आणि फॅन चालू असताना बॅटरीवर व फॅनच्या कपलरवर किती व्होल्ट आले, हे तीन आकडे मला लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगतो.